माझे सासरे आमदारकीला उभे राहिले तेव्हा

माझ्या सासऱ्यांना सोसायटीत सेक्रेटरी म्हणून कुणी निवडून दिलं नव्हतं. त्यामुळे आपण विधानसभेला उभे राहणार आहोत असं त्यांनी एका सकाळी पोहे खाताना जाहीर केलं, तेव्हा सासूबाई कढई खरवडत एवढंच म्हणाल्या, "माझं मत धरून चालू नका."

ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरे सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून कळंबोलीच्या नव्या कॉलनीत राहायला आले होते. कॉलनीच्या एका बाजूला लोखंडाचा बाजार, दुसऱ्या बाजूला ट्रकांचा तळ, आणि मधे आम्ही सुशिक्षित मंडळी. नळाला पाणी सकाळी अर्धा तास यायचं. त्या अर्ध्या तासात आमच्या घरात जो आरडाओरडा चालायचा त्यावरून बाहेरच्याला वाटावं की घर पेटलंय.

पाण्यासाठी सासऱ्यांनी अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रं पाठवली. शेवटी ते पनवेलला एका पक्षाच्या कार्यालयात गेले. तिथला पदाधिकारी दात कोरत म्हणाला, "काका, तुमची कॉलनी म्हणजे मतदारसंघ नव्हे. आधी मतदारसंघ बघून या, मग बोला."

दुसरा कुणी हे ऐकून शिवी हासडून घरी आला असता. पण सासऱ्यांची उभी हयात वरून आलेला शेरा शब्दशः पाळण्यात गेली होती. मतदारसंघ बघून या म्हटल्यावर तो बघणं आलं, आणि बघायचा तर उमेदवार म्हणूनच, असं त्यांनी ठरवलं. "उगाच हिंडलं तर लोक विचारतात, कोण तुम्ही," ते म्हणाले. "उमेदवाराला कुणी विचारत नाही."

माझ्या नवऱ्याला रजा मिळेना, म्हणजे त्याने ती मागितलीच नाही. मी पदवीधर, घरी बसलेली, आणि घरात एकटीच अशी की सासऱ्यांना अजून नाही म्हणायला शिकले नव्हते. त्यामुळे उमेदवाराची निवडणूक प्रतिनिधी म्हणून माझी नेमणूक झाली.

सासऱ्यांनी कुठूनसा मतदारसंघाचा नकाशा पैदा केला. निळ्या शाईचा, घडीवर फाटलेला. तो जेवणाच्या टेबलावर मावेना, म्हणून आम्ही जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. सासरे गुडघ्यांवर बसले आणि मतदारसंघाच्या हद्दीची रेघ बोटाने गिरवत गेले. आत्तापर्यंत आमची समजूत होती की पनवेल म्हणजे एस. टी. स्टँड, बाजार, तळी आणि आम्ही. पण ती रेघ माथेरानच्या पायथ्यापासून निघाली होती, कर्नाळ्याला वळसा घालून, तळोज्याच्या कारखान्यांना पोटात घेऊन, खाड्या, मिठागरं, उरण, न्हावा शेवा असं करत सरळ समुद्रात उतरली होती. नकाशावर मतदारसंघ उताणा झोपलेल्या जाड्या माणसासारखा दिसत होता. उशाला डोंगर, एक पाय पाण्यात. आमची कॉलनी साधारण त्याच्या बेंबीजवळ होती, आणि बेंबीएवढीच.

"घारापुरी?" सासरे बोट ठेवून म्हणाले. "घारापुरी आपल्यात येते? आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो तिथे!"

"मग आता मतं मागायला जा," सासूबाई आतून म्हणाल्या.

त्यातही गंमत अशी की जिल्ह्याचं कुलाबा हे नाव बदलून रायगड झालं होतं, पण ते लोकसभेच्या मतदारसंघाला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. लोकसभेला आम्ही कुलाब्याचेच होतो. आमच्या मजल्यावरच्या एक बाई मुंबईतल्या माहेरी ऐटीत सांगायच्या, आमचं मतदान कुलाब्याला असतं. त्यांच्या भावजयीला वाटे, यांचं समुद्राकडे तोंड केलेलं घर आहे.

चिन्ह म्हणून सासऱ्यांनी बादली मागितली. प्रश्न पाण्याचा, तेव्हा बादली शोभली असती. पण ती उरणच्या कुठल्याशा अपक्षाने आधीच पटकावली होती. सासऱ्यांना मिळाली कपबशी. सासरे चहा पीत नसत. त्यांना पित्त होतं.

प्रचाराला जीप भाड्याने घेतली. जीपवाला जवळच्या ओवे गावचा, पस्तिशीचा, जाड मिशांचा. नव्या शहरासाठी जमीन सरकारात गेली तेव्हा हातात आलेल्या पैशातून त्याने ही जीप घेतली होती आणि तिच्या पुढच्या काचेवर आईचा आशीर्वाद एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिला होता की रस्ता त्या अक्षरांच्या फटींतून बघावा लागे. तो सासऱ्यांना साहेब म्हणे आणि मला वयनी.

पहिला दौरा त्याच्याच गावी निघाला. ओव्याच्या देवळापुढे पंधरावीस माणसं जमली होती, कारण जीपवाल्याचे नातेवाईकच तेवढे होते. सासऱ्यांनी टोपी नीट केली. जीपवाल्याने कर्ण्याची कॅसेट लावली आणि कर्णा गरजला. कुणाला विजयी करा, तर भलत्याच पक्षाच्या उमेदवाराला, आणि तेही प्रचंड बहुमताने.

सासरे हात जोडलेल्या अवस्थेत तसेच थिजले.

"ही कसली कॅसेट?" मी ओरडले.

"ऱ्हायली वाटतं कालची," जीपवाला बटण शोधत म्हणाला. "वयनी, एक दिवस त्यांचा, एक दिवस तुमचा. जीप काय घरी बसवून ठेवू?"

"अरे, पण तू मत कुणाला देणार?" सासऱ्यांनी विचारलं.

"साहेब, आज तुमालाच," तो अगदी मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या बाजूला गेलो. माथेरानच्या कड्याखाली, जिथे जीपचा रस्ता संपतो आणि पुढे पायवाट लागते, तिथे ठाकर आदिवासींची एक वाडी होती. पळस फुलला होता आणि ऊन चढायला लागलं होतं. पनवेल शहराला पाणी देणारं धरण त्याच अंगाला. सासऱ्यांनी वाडीतल्या बायका गोळा केल्या आणि आपलं मुख्य भाषण सुरू केलं. पाण्याचा दाब, वरची टाकी, व्हॉल्व्ह उघडणाऱ्याचा मुजोरपणा. "आमच्या नळाला," ते आवाज चढवून म्हणाले, "रोज फक्त अर्धा तास पाणी येतं!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "घरात येतो?"

"म्हणजे?"

"पानी. घरात चालत येतो? तुमी उटून जात नाय?"

"घरातच येतं. स्वयंपाकघरात."

म्हातारी मागे वळून बाकीच्यांना म्हणाली, "अर्धा तास येतो, आन् या बाबाची तक्रार हाय!" त्यावर जो हशा पिकला तो थांबेना. एक तर पोट धरून खालीच बसली. सासऱ्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग बारीक झाला, आणि मग, हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं, ते स्वतःच हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भाषण तिथेच संपलं. मग बायकांनी आम्हाला त्यांची विहीर दाखवली. उतरायला वाट अशी नव्हतीच, दगडात पाय रोवायच्या खाचा होत्या. सासरे वाकून बघायला गेले, तर जीपवाल्याने त्यांचा सदरा मागून धरून ठेवला. "पडाल साहेब. मंग निवडनूकच रद्द व्हईल."

चिन्ह कपबशी म्हटल्यावर वाडीवाल्यांनी आग्रहाने चहा केला. गुळाचा, काळा. आणि हे प्रत्येक गावात झालं. पत्रकावर कपबशी दिसली की लोकांना वाटे, उमेदवाराची आवड आहे. सासऱ्यांनी त्या पंधरवड्यात आयुष्यभराचा चहा पिऊन घेतला आणि रात्री पित्ताच्या गोळ्या. नको म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. "चिन्हाचा अपमान होतो," ते म्हणायचे.

त्यानंतर न्हावा शेव्याची बाजू. बंदर नवीनच सुरू झालं होतं आणि रस्ता कंटेनरच्या गाड्यांनी भरून गेला होता. एका ठिकाणी आम्ही असे अडकलो की जीपवाल्याने इंजिन बंद करून डुलकी काढली. सासऱ्यांना वेळ वाया घालवलेला खपत नाही. ते उतरले आणि रांगेतल्या एकेका ट्रकच्या दाराशी जाऊन हात जोडून पत्रकं वाटायला लागले. ड्रायव्हर पंजाबचे, राजस्थानचे, उत्तर प्रदेशातले. एका सरदारजीने पत्रक देवाच्या फोटोशेजारी खोचून ठेवलं आणि विचारलं, "बाबूजी, चाय की दुकान खोली है?"

सासरे परत येऊन म्हणाले, "प्रतिसाद चांगला आहे."

"बाबा, त्यांचं मत इथे नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. पण सौजन्य म्हणून काही असतं."

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही बंदराच्या अलीकडच्या एका गावात शिरलो. वाटेत मिठागरं होती. मिठाचे ढीग उन्हात असे चमकत होते की डोळे मिटून घ्यावे लागत. सासऱ्यांना व्यासपीठ हवं असायचं. मिठागरात काम करणाऱ्या माणसांशी बोलायला ते एका ढिगावर चढले, आणि दुसऱ्याच वाक्याला घोट्यापर्यंत आत गेले. त्यांना दोघांनी धरून बाहेर काढलं. एक चप्पल आतच राहिली, ती एका बाईने फावड्याने उकरून दिली.

ती झटकून आम्ही गावात गेलो. एका ओटीवर सात-आठ माणसं बसली होती. त्यांतले एक बुजुर्ग, धोतर नेसलेले, मान डावीकडे कलती ठेवून ऐकत होते. सासऱ्यांचं भाषण आता बरंच सुधारलं होतं. त्यात डोंगरातली वाडी आली होती, बंदर आलं होतं, रस्ता आला होता. ते संपल्यावर बुजुर्ग म्हणाले, "तुमी ऱ्हाता कळंबोलीला. तुमची बिल्डिंग कुनाच्या शेतात हाय?"

"शेतात?" सासरे गोंधळले. "ती सरकारी जमीन आहे. सरकारकडूनच घेतलंय आम्ही घर."

"सरकारनं कदी भात लावलाय काय?" बुजुर्गांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "मी इचारलं, शेत कुनाचा."

काही वर्षांपूर्वी त्या पट्ट्यात जमिनीसाठी मोठं आंदोलन झालं होतं, गोळीबार झाला होता, माणसं गेली होती. मी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं, तेव्हा मी कॉलेजात होते आणि ते मला फार लांबचं वाटलं होतं. त्या ओटीवर बसलेल्यांपैकी एकाने हाताने रस्त्याकडे खूण केली आणि म्हणाला, "थितं उभं व्हतो आमी समदे." एवढंच. पुढे कुणी काही सांगितलं नाही आणि सासऱ्यांनी विचारलं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पत्रकं पिशवीतच राहिली. थोडा वेळ बसून आम्ही निघालो, तेव्हा बुजुर्ग जीपपर्यंत सोडायला आले.

परतीच्या वाटेवर सासरे एकदम जीपवाल्याला म्हणाले, "आमच्या बिल्डिंगच्या जागी कुणाचं शेत होतं रे?"

"कळंबोलीवाल्यांचा आसंल. माजा नाय. माजा खारघरच्या अंगाला. थितं अजून काय बांदला नाय, निसतं खांब रोवून ठेवलंत."

"मग तू अजून तिथे भात लावत असशील."

"लावतो की," जीपवाला म्हणाला. "सरकारला भात आन् गवत यातला फरक कलत नाय, तवर लावायचा."

सासरे हेडक्लार्क होते. सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणाबद्दल त्यांनी जन्मभर टिपणं लिहिली होती. ते बाहेर बघत म्हणाले, "तांदूळ चांगला होतो का?"

घारापुरीला जाऊ नये, असं सगळ्यांनी त्यांना सांगितलं. मतं मूठभर, आणि जायचं होडीने. पण नकाशात आहे म्हटल्यावर सासऱ्यांना राहवेना. न्हाव्याहून होडी सुटली. अर्ध्या वाटेवर सासऱ्यांनी सकाळपासूनचा सगळा चहा समुद्राला परत केला. बेटावर उतरले तेव्हा ते हिरवे पडले होते, पण टोपी सरळ होती.

लेण्यांच्या पायऱ्यांशी मुंबईहून आलेल्या सहलीच्या माणसांची गर्दी होती. पांढरे कपडे, टोपी, छातीवर कपबशीचा बिल्ला बघून एका कुटुंबाने त्यांनाच गाइड समजून अडवलं. "काका, दाखवायचे किती घेता?" सासऱ्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला की आपण विधानसभेचे अपक्ष उमेदवार आहोत. त्या गृहस्थांना ते पटलं नाही. त्यांना वाटलं, भाव वाढवतायत. शेवटी सासऱ्यांनी खरंच लेणी दाखवली, आणि शिवाच्या मूर्तीपुढे उभं राहून पंधरा मिनिटं पनवेल तालुक्याच्या पाणीपुरवठ्याविषयी सांगितलं. त्या माणसांपैकी एकाचंही मत आमच्याकडे नव्हतं. त्यांनी टाळ्या मात्र वाजवल्या.

गावातल्या लोकांना मात्र आमचं फार अप्रूप वाटलं. घरात वीज नाही, पलीकडे पाण्यापार मुंबईचे दिवे रोज दिसतात, अशी ती वस्ती. एक कोळीण म्हणाली, "उमेदवार कसा दिसतो ते आज कललं. आमी निसतं चिन्हं बघतो." मग तिने सासऱ्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "येवढा काय नाय."

होडीत बसताना सासऱ्यांनी समोरच्या किनाऱ्याकडे बोट दाखवलं. "तो बघ. तो खरा कुलाबा. आपल्या मजल्यावरच्या बाईंना सांगू नकोस."

मतदान झालं. मतमोजणीला पनवेलच्या एका शाळेत मी प्रतिनिधी म्हणून बसले होते. मोठ्या उमेदवारांच्या मतपत्रिकांचे गठ्ठे टेबलावरून घसरून पडत होते आणि आमची चळत अशी होती की पंखा लावल्यावर मी तिच्यावर हात ठेवून बसले. बाद मतांत दोन आमची होती. एकाने शिक्का कपावर, बशीवर आणि मग सगळ्या उमेदवारांवर मारला होता, बहुधा कुणी नाराज होऊ नये म्हणून. दुसऱ्याने शिक्का बरोबर मारून खाली पेन्सिलीने तब्येतीला जपा असं लिहिलं होतं. मी अधिकाऱ्यांशी वाद घातला, की ही शुभेच्छा आहे, खूण नव्हे. त्यांनी ऐकलं नाही.

अनामत गेली, हे सांगायला नकोच. घरी आल्यावर सासऱ्यांनी सासूबाईंना विचारलं, "तुझं मत कुणाला?"

"गुप्त असतं," सासूबाई म्हणाल्या, आणि आजतागायत त्यांनी ते सांगितलेलं नाही.

मला वाटलं, आता हे सोसायटीच्या जिन्यात बसून वर्तमानपत्र वाचतील. तसं झालं नाही. आठवडाभराने ते म्हणाले, "त्या ठाकरवाडीच्या विहिरीचं बघायला हवं." पाणी आमच्या नळाला अजून अर्धाच तास यायचं, पण त्याबद्दल बोलायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. वाडीतल्या बायका डोक्यावर मोळ्या किंवा टोपलीत रानभाजी घेऊन पनवेलच्या बाजाराला यायच्या. त्यांना गाठून सासरे एकेका कचेरीत घेऊन जायला लागले. ते स्वतः बाहेरच्या बाकावर बसत आणि बायकांना आत पाठवत. "त्यांना बोलता येतं," ते मला म्हणाले. "मला नुसतं लिहिता येतं."

बायका आत जाऊन काय बोलायच्या ते मी एकदा दाराशी उभं राहून ऐकलं. ती म्हातारी साहेबांच्या टेबलासमोर फतकल मारून बसली होती आणि सांगत होती, "आमी हितंच ऱ्हाताव आता. हितं पानी हाय, पंखा हाय. तुमी जा आमच्या वाडीत." साहेब घाम पुसत होते.

पुढच्या उन्हाळ्याआधी वाडीत बोअरिंग होऊन हातपंप बसला. उद्घाटनाला नवे आमदार आले. हार, नारळ, कर्णा, सगळं होतं. भाषणात त्यांनी हा पंप म्हणजे आपलं वचन होतं असं सांगितलं. सासरे मागच्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि त्यात जराही कडवटपणा नव्हता. आमदारांच्या पुढच्या गाडीला आमचाच जीपवाला होता. त्याने लांबूनच आम्हाला डोळा मारला.

आमदारांनी पंपाचा दांडा हाती घेतला. दोनदा हापसला, चारदा हापसला, नुसता कुंईकुंई आवाज. फोटोवाला ताटकळला. शेवटी म्हातारी पुढे झाली, तिने आमदारांचा हात बाजूला केला आणि दांड्यावर अख्खं वजन टाकून लोंबकळली. पाणी आलं. बायका इतक्या ओरडल्या की कर्ण्यातला आवाज कुणाला ऐकू आला नाही. सासरे पुढे गेले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "धूळ फार आहे."

आमदारांची फेरी आटोपल्यावर जीपवाला आम्हाला कळंबोलीला सोडायला आला. मुख्य रस्त्याला लागल्यावर सासरे म्हणाले, "जरा उरणच्या बाजूनं घे रे."

"उरन कशाला? उलटं पडंल, साहेब. निवडनूक झाली की आता."

"झाली ना," सासरे म्हणाले. "रस्ता तर बंद झाला नाही. त्या ओटीवर जरा बसून येऊ."

जीपवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्याने एक शिवी तोंडातल्या तोंडात गिळली आणि जीप उरणच्या दिशेला वळवली.